खांद्यावर मुरूम

हात पडला तो उजव्या खांद्यावर. पडला म्हणणंही बरोबर नाही, ठेवला गेला. सावकाश, पुरता, पाचही बोटं पसरून. मन्मथ औरादे तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभा राहून टँकरच्या बंदोबस्ताविषयी कोणाशी तरी बोलत होता, आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं ते राहिलंच. पोलीस उपअधीक्षकाच्या खांद्यावर कोणी हात ठेवत नाही. वरचे साहेब ठेवतात, बदलीची बातमी गोड करून सांगताना. बायको ठेवायची, लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. ह्या हाताला मुरमाचा वास होता. त्यानं मान वळवली तर पंचफुला. त्याच्या खांद्याएवढीसुद्धा उंची नसलेली, मोकळ्या कपाळाची, दुष्काळी कामावरून तशीच उठून आलेली बाई हात वर करून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. सगळी नोकरी रागावलेल्या माणसांसमोर गेली होती. ती नुसती बघत होती, आणि थांबली होती, जणू आता पुढचं काय ते त्यानं करायचं होतं.

आतल्या हॉलमध्ये ओळख परेड नुकतीच संपली होती. पंचफुलाचा नवरा भुजंग पोलीस कोठडीत मेला त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि त्याला मारणारा माणूस तिनं ठाण्याच्या खिडकीतून पाहिला होता, खाकी शर्ट काढून बनियनवर उभा असलेला. नवा जिल्हा, नवं ठाणं, माणसं कुठून कुठून गोळा करून आणलेली. कोणाचा चेहरा कोणाला माहीत नाही. म्हणून साध्या कपड्यांतल्या माणसांची रांग केली, तिच्यात फौजदार नरसिंगराव उभा केला, आणि नायब तहसीलदारांनी बाईला सांगितलं, ज्यानं मारलं त्याच्या अंगाला हात लाव. नियमच तसा आहे, बोट दाखवून चालत नाही, हात लावावा लागतो. पोलिसांनी त्या हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नाही हाही नियम, आणि औरादेनं तो पाळला होता, तो व्हरांड्याच्या पार टोकाला उभा होता. पंचफुला रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कोणालाही हात न लावता दारातून बाहेर आली, आणि व्हरांडाभर चालत येऊन तिनं तो हात इथं ठेवला.

एक शिपाई धावला. "ए बाई! कुनाच्या अंगाला हात लावून राहिलीस, कळतंय का?" औरादे म्हणाला, "असू दे, असू दे." मग त्यानं दोन बोटांनी तिचं मनगट धरलं, हळूच, अगदी हळूच, आणि तो हात उचलून तिच्या बाजूला सोडून दिला. पायऱ्या उतरून तो जीपमध्ये जाऊन बसला. एवढंच. ह्यात उद्धटपणा कुठेच नव्हता. पाहणाऱ्यांनी उलट म्हटलं असेल, साहेब मोठ्या मनाचा आहे, दुसरा असता तर.

नायब तहसीलदार घाम पुसत जीपपाशी आला. सज्जन माणूस, पण पाण्यात राहून माशाशी वैर नको ही शिकवण आईच्या दुधाबरोबर प्यालेला. "साहेब, बाई गोंधळली. नरसिंगरावांसमोर थांबली बरं का, चांगली थांबली, त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं लावते हात. तर पुढे निघून गेली. आता आतलं तर मी लिहितो, कोणालाही ओळखलं नाही म्हणून. पण हे बाहेरचं? विचारलं मी तिला, तर म्हणते, 'त्येला काय धरायचं, त्येचा माझा सौदा झाला न्हवता. जबान ह्या सायबानं दिली.' हे लिहू की नको? तुम्ही म्हणाल तसं." औरादे म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सांगतो. तोवर तिचा अंगठा घेऊ नका." जीप निघाली. नायब तहसीलदारानं तुम्ही म्हणाल तसं म्हटलं ते त्याच्या कानात अडकून बसलं. सगळा तालुका त्याला तुम्ही म्हणाल तसं म्हणायचा. त्यानं म्हटलेल्यापैकी नेमकी एकच गोष्ट तशी झाली नव्हती.

बाहेर पावसाळ्याचे दिवस आणि उन्हाळ्याचं ऊन. दोन वर्षं अशीच गेलेली. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीच्या कामावर बाया मुरूम उपसत होत्या, आणि त्यांच्यातली प्रत्येक त्याला पंचफुला वाटत होती. खांद्याकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि बघितलं. खाकी कापड घामानं ओलं होतं, त्यावर मुरमाच्या तांबूस धुळीचा पंजा उमटला होता, तीन बोटं स्पष्ट, दोन पुसट, पितळेच्या ताऱ्यावरसुद्धा थोडी धूळ. झटकायला त्यानं डावा हात उचलला आणि तसाच खाली घेतला. का घेतला हे त्याला सांगता आलं नसतं. तिला समज नाही, ती गोंधळली, असं स्वतःला सांगून बघावं म्हणून त्यानं दोनदा सांगितलं. पण त्याला माहीत होतं. त्या व्हरांड्यात त्या हाताचा अर्थ कळलेला तो एकटाच माणूस होता, आणि म्हणूनच तो इतक्या हळूच तिथून निघाला होता.

त्या गावात त्याची पहिली बैठक झाली तेव्हा वैशाख होता. नव्या जिल्ह्यात पोलिसांनी लोकांत मिसळावं, गावोगाव जावं, असं वरून आलं होतं आणि त्याला ते मनापासून पटलं होतं. ही गोष्ट कोणी नाकारू नये. त्याला खरंच वाटत होतं की जिल्हा नवा आहे, पाटी कोरी आहे, तोवर चांगलं काही लिहून घ्यावं. देवळापुढं सतरंजी, खुर्च्या, मागं लिंबाखाली बौद्धवाड्यातली माणसं वेगळी बसलेली. गावात एकाच विहिरीला पाणी, ती गावच्या मातब्बर व्यंकटरावांची, टँकरही तिच्यातच रिकामा व्हायचा, आणि बौद्धवाड्याच्या घागरी सगळ्यांच्या मागून. भुजंग त्यावर मोठ्यानं बोलला. मग व्यंकटरावांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि फिर्यादीत भुजंगचं नाव आलं. तो पळाला, नांदेडकडे, विष्णुपुरीला धरणाच्या कामावर पंचफुलाची बहीण खडी फोडायची तिच्याकडे. बैठकीत पंचफुला उभी राहिली. डोक्यावरचा पदर दातांत धरून म्हणाली, "मोटार त्येनं न्हाई नेली. मी आनते त्येला, हजर करते. पर मारतेत वो ठान्यात. मारनार न्हाईत आसं कोन सांगतंय?" सगळी सभा त्याच्याकडे वळली. फौजदार नरसिंगराव अजून रुजूच व्हायचा होता, शेजारची त्याची खुर्ची रिकामी होती. आणि मन्मथ औरादे उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली, म्हणाला, "घेऊन या त्याला. त्याच्या अंगाला बोट लागलं तर जिम्मा माझा."

तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे त्याला लागलं होतं, खोटं कशाला बोला. इतकं चांगलं वाक्य आणि सभा ढिम्म. सगळे नुसते त्याच्या तोंडाकडे बघत होते, व्यंकटरावसुद्धा. सभा उठल्यावर चहा पिताना तो भुजंगच्या बापाला, दगडोबाला, हसत म्हणाला, "काय बाबा, आमचं बोलणं पसंत पडलेलं दिसत नाही गावाला." म्हातारा म्हणाला, "आसं कसं सायेब. जबान दिल्यावर टाळ्या वाजवत आस्तेत व्हय? टाळ्या तमाशाला. जबान ऐकून घेत आस्तेत." मग म्हातारा खुलला. भुजंग बैलबाजारात मध्यस्थी करायचा. घेणारा परका, विकणारा परका. बैल कामात मधेच बसणार नाही, मारका निघणार नाही ह्याची जबान भुजंग द्यायचा. बैल खोटा निघाला तर घेणारा मालकाच्या मागं लागत नाही, मालकाला तो ओळखतच नाही. तो पुढच्या बाजारी येतो आणि जबान देणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो. बोलायचं काही नाही, शिवी नाही, भांडण नाही. हात ठेवला की तो माणूस जागचा हलत नाही, चार जाणती माणसं जमून निवाडा होईपर्यंत तसाच हाताखाली उभा राहतो. "आन हलला तर?" औरादेनं विचारलं होतं, ह्या बोलीत बोलायला त्याला मजा वाटत होती. "हाताखालून निगून गेला त्येची जबान मेली की सायेब. मग त्येला बाजारात कुनी बीडी बी मागत न्हाई." म्हाताऱ्यानं अभिमानानं सांगितलं, भुजंग एकदा उन्हात दिवसभर उभा राहिला होता, दुसऱ्याच्या बैलापायी. औरादेला ते फार आवडलं होतं. जीपमध्ये बसताना तो ड्रायव्हरला म्हणालासुद्धा, "ह्याला म्हणतात माणसं."

पंचफुलानं नवऱ्याला आणला. बसनं आणला, बरोबर भाकरीचं गाठोडं घेऊन, आणि ठाण्याच्या पायरीवर आपल्या हातानं सोडला. चौथ्या दिवशी भुजंग छातीत कळ येऊन मेला असं कळवण्यात आलं. औरादे तेव्हा नांदेडला घरी होता. रुद्राणीला, थोरल्या लेकीला, बघायला पाहुणे आले होते. रजा मंजूर होती, सगळं रीतसर. पंचफुला त्याच्या बंगल्यावर येऊन दोन वेळा परत गेली हे त्याला मागाहून कळलं. शिपायानं तिला साहेब गावाला गेलेत असं खरं तेच सांगितलं होतं. परत आल्यावर त्यानं काय करायचं बाकी ठेवलं? नरसिंगरावला निलंबित केलं, व्यंकटरावांचे निरोप झुगारून केलं. दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी मागितली. ओळख परेड त्याच्याच पत्रामुळे झाली. तिनं आत नरसिंगरावला हात लावला असता की प्रकरण उभं राहिलं असतं, न्यायालयात गेलं असतं. सगळी वाट त्यानं करून ठेवली होती. तिनं फक्त चालायचं होतं. आणि ती चालत चालत त्याच्यापर्यंत आली.

वडिलांची आठवण त्याला उगाच आली, किंवा उगाच नाही. वडील शाळामास्तर, निजामाच्या अमलात उर्दूत शिकलेले, जिम्मा हा शब्द त्यांचाच. रझाकारांच्या दिवसांत शेजारचा कोणी माणूस रानात लपला होता आणि अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, घरी येऊन बाजेवर बसला. त्याला हजर करा मास्तर, त्याला काही होणार नाही एवढं त्याच्या घरच्यांना तुम्ही सांगा, तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा. मन्मथ तेव्हा लहान, कणगीमागे आईच्या लुगड्याला धरून उभा. वडिलांचे पाय थरथरत होते हे त्यानं कणगीमागून पाहिलं होतं आणि पुढं कित्येक वर्षं त्याला त्याची लाज वाटत आली होती. थरथरत्या पायांनी वडील म्हणाले, "साहेब, काठी तुमच्या हातात. त्या काठीची जबान मी कशी देऊ?" अमीन हसला आणि निघून गेला. मन्मथला वाटायचं, बाप भित्रा होता. पुढं स्वतः वर्दी चढवली ती त्या पायांवर उतारा म्हणून. आता जीपमध्ये, लातूर जवळ येत असताना, डाळमिलच्या भुशाचा कोरडा वास नाकात शिरत असताना, त्याला पहिल्यांदा कळलं की त्या बाजेसमोर उभ्या असलेल्या माणसाला भीती आणि अक्कल दोन्ही होत्या, आणि त्याच्या मुलाला दोन्ही नव्हत्या. काठी नरसिंगरावच्या हातात होती. जबान त्यानं दिली होती.

लातूरचं कार्यालय अजून भाड्याच्या घरात होतं. जिथं अधीक्षक साहेब बसायचे ती पूर्वी कोणाची तरी माजघराची खोली असणार, भिंतीत देवळी होती आणि देवळीत टेलिफोन. साहेब चांगले होते. ही सगळी माणसं चांगली होती, हाच तर घोळ होता. साहेबांनी त्याच्यासाठी पाणी मागवलं, मग म्हणाले, "कळलं मला. कोणालाच ओळखलं नाही म्हणे. औरादे, तुम्ही आपल्याकडून सगळं केलंत, इतकं कोणी करत नाही. आता मनाला लावून घेऊ नका." त्यानं सांगायला सुरुवात केली. साहेब, ती बाहेर आली आणि. साहेब हात वर करून म्हणाले, "तेही कळलं. बिचारी बाई, डोकं ठिकाणावर राहतंय का अशा वेळी. त्याचा अर्थ काढत बसायचं नसतं." मग त्यांचं लक्ष गेलं. "खांद्याला काय लागलंय हो?" ते उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि आपल्या रुमालानं त्यांनी त्याचा खांदा झटकला. दोन-तीन हलके फटके. वडीलकीनं, मायेनं. औरादे ताठ उभा राहिला. त्या फटक्यांबरोबर आपल्या आत काहीतरी हायसं झालं हे त्याला जाणवलं, आणि त्या हायसं होण्याची त्याला किळस आली. "दिवाळीनंतर तुम्हाला नांदेडला घेऊ म्हणतात," साहेब जागेवर बसत म्हणाले, "घरच्यांची सोय होईल."

तेवढ्यात देवळीतला टेलिफोन वाजला. नायब तहसीलदार होता, त्याचा आवाज ओरडून ओरडून बसला होता. "साहेब, ते बाहेरचं? बाईला थांबवून ठेवलंय. शेवटची गाडी जाईल तिची." औरादेनं साहेबांकडे पाहिलं. साहेब मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते; तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं. एक वाक्य. 'तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, कारण मी तिला शब्द दिला होता, हे लिहा.' एवढं लिहिलं की चौकशी वर चढली असती, शब्द कोणी दिला, कोणाच्या भरवशावर, रजेवर जाताना बंदोबस्त काय केला. नरसिंगरावचंही मग मागं पडलं नसतं, एक धागा ओढला की दुसरा निघतोच. न लिहावं तर बाईनं कोणाला ओळखलं नाही, नरसिंगराव सुटला, भुजंगला कोणी मारलं नाही, तो छातीत कळ येऊन मेला. इतकं सोपं होतं. त्याला रुद्राणीचं लग्न आठवलं नाही, बढती आठवली नाही. तसं काही आठवलं असतं तर स्वतःला निदान स्वार्थी म्हणता आलं असतं. त्याच्या तोंडून नियम आला. नियम त्याच्या जिभेवर कायम ओला असायचा. "परेड आत झाली," तो म्हणाला, "आत झालं तेवढंच लिहा." पलीकडून हुश्श ऐकू आलं. खिडकीबाहेर बघणाऱ्या साहेबांनी मान हलवली. कायद्यानं हे उत्तर चोख होतं, आणि ते चोख आहे हे माहीत असतानाच त्यानं ते दिलं होतं.

रात्र त्यानं विश्रामगृहात काढली, म्हणजे पंख्याखाली पडून राहिला. नांदेडला फोन लावला तर बायकोनं, शिवकांतानं, घरच्या पाण्याचं गाऱ्हाणं सांगितलं, मग एकदम म्हणाली, "आवाज का असा येतोय तुमचा?" तो म्हणाला, ट्रंक लाइन खराब आहे. सकाळी मात्र त्याला उमगलं, किंवा उमगल्यासारखं वाटलं. अजून वेळ गेलेली नाही. पंचफुलानं स्वतः अर्ज दिला, आपण आपला जबाब दिला, तर बाहेरचं सगळं आत घेता येईल. ह्या वेळी तो हलणार नव्हता. त्याला हलकं वाटू लागलं, कपडे चढवताना तो चक्क गुणगुणला. काल झटकलेल्या खांद्यावर मुरमाची एक पुसट रेघ राहिली होती, ती त्यानं तशीच ठेवली.

गावात जीप थेट बौद्धवाड्यात नेली. दगडोबा दारात बसला होता, उठला नाही. पंचफुला आत गाठोडं बांधत होती. एक पातेलं, दोन लुगडी, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवून कापडात गुंडाळलेली. विष्णुपुरीला निघाली होती, बहिणीकडे, खडी फोडायला. औरादेनं बाहेर उभं राहून सगळं सांगितलं. नीट, सोपं करून, अर्ज कसा द्यायचा, काय म्हणायचं, मी स्वतः काय लिहून देणार. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला, आणि तो भरून आल्याचं त्याला बरंही वाटलं. आजूबाजूच्या दारांत माणसं उभी राहिली. पंचफुला बाहेर आली, हात पदराला पुसले.

"काल अंगठा घेतला त्येनी," ती म्हणाली. "कुनाला वळखलं न्हाई म्हनून."

"तो अंगठा फिरवता येतो बाई. तेच सांगतोय मी. मी आलोय ना आता."

"हाव. आलाव." तिनं त्याच्या खांद्याकडे बघितलं, तिला ती रेघ दिसली असावी. "सायेब, म्या तितं हात ठिवला तवा चार मानसं हुती. शिपाई हुता, नायब हुता. तितं उभं ऱ्हायला असता तर झालं असतं. तुमी हाताखालून निगून गेलाव."

"चुकलो मी. म्हणून तर," तो म्हणाला, आणि त्याच्या हातून ते घडलं. तो तिच्यापुढं वाकला, खांदा पुढं करून. वर्दीतला माणूस त्या अंगणात गुडघे टेकून थांबला. "ठेवा हात. आता ठेवा. मी हलणार नाही."

दारांतून कोणी हसलं नाही. पंचफुलानं हात ठेवला नाही. ती रागावलेलीही नव्हती, आणि हे त्याला सहन होईना.

"आता ठिवून काय करू?" ती म्हणाली. "बाजार उठला की वो, सायेब."

दगडोबा दारातूनच म्हणाला, "उटा सायेब. मानसं बगून राहिलीत. तुमचं बी पद हाय." मग जरा थांबून, समजूत काढावी तसा म्हातारा म्हणाला, "तिलाच झोप न्हाई येत. तिनंच आनून सोडला ना त्येला. मी म्हनतो, तुझं काय चुकलं? तू जबान ऐकली." औरादे उठून ताठ झाला. गुडघ्यांवरची माती झटकली. पंचफुलानं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती फाट्याकडे चालायला लागली. जीपनं सोडतो म्हणावं असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्याला भीती वाटली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तिला ओलांडून जावं लागू नये म्हणून त्यानं दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं.

आपला जबाब त्यानं तरीही लिहिला आणि लातूरला पाठवला. त्याचं काही उत्तर आलं नाही. साहेब एकदा भेटले तेव्हा दंडावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं मन मला कळतं." नरसिंगराव दुसऱ्या ठाण्यात रुजू झाला आणि जाताना येऊन वाकून नमस्कार करून गेला.

भाद्रपद संपला, पाऊस आला नाही. पोलिसांवरचा विश्वास वाढवावा असं पुन्हा वरून आलं आणि पलीकडच्या एका गावात मेळावा ठरला. देवळापुढं सतरंजी, खुर्च्या, मागं लिंबाखाली वेगळी बसलेली माणसं, ह्या वेळी लाउडस्पीकरसुद्धा. भाषणात ते वाक्य म्हणायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण शेवटी एक बाई उठली. बरोबर तिचा मुलगा होता, जवान, मारामारीच्या गुन्ह्यात नाव आलेला, पोलीस टाळत रानोमाळ राहून खंगलेला. ती म्हणाली, "ठान्यात हजर केला तर हात लावनार न्हाईत का?" सभा त्याच्याकडे वळली. त्याला कणगीमागून दिसलेले वडिलांचे पाय आठवले. माझ्या हातात काठी नाही बाई, असं म्हणावं. पण मग ती पोराला घेऊन कुठं जाईल? आणि ह्या वेळी तो रजा घेणार नव्हता, ठाण्यात खुर्ची टाकून बसणार होता, रात्रंदिवस. त्यानं मनोमन सगळं ठरवून टाकलं, आणि ते खरं होतं, भुजंगच्या वेळेपेक्षा शंभर पटीनं खरं होतं. त्यानं टोपी काढली. "जिम्मा माझा," तो म्हणाला.

क्षणभर सभा शांत राहिली. तो त्या शांततेकडे तहानल्यासारखा बघत राहिला.

मग मागं लिंबाखाली कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. पुढच्या खुर्च्यांनी वाजवल्या, सतरंजीवरच्या पोरांनी वाजवल्या, आणि बघता बघता सगळी सभा टाळ्या वाजवू लागली. त्या बाईनंही पदर सावरून चार टाळ्या वाजवल्या, मग मुलाच्या हाताला धरून त्याला उठवलं आणि माणसांतून वाट काढत ती त्याला घराकडे घेऊन गेली.